वहिनीच्या ताटल्या

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. जन्म गेला तो लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात. शिकणारा स्टिअरिंगला घोरपडीसारखा चिकटलेला, आणि शेजारच्या सीटवर मी, पायाखाली माझा जादा ब्रेक. समोरून बस आली की देवाचं नाव घ्यायच्या आधी तो दाबायचा. शांत माणसाचं हे कामच नाही. एका बाईंना मी म्हटलं, क्लच हळू सोडा, तर त्यांनी आधी डोळे मिटले. डोळे मिटून क्लच सोडणाऱ्या माणसाशी गोड बोलून दाखवा, मग मला शहाणपण शिकवा.

वहिनी माझ्या बरोब्बर उलट. तिचा आवाज चढलेला मी एकदाच ऐकलाय, ते पुढे येईलच. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. नणंद-भावजय एका घरात म्हटलं की लोक भांड्याला भांडं लागायची वाट बघत बसतात. लागतं की. फक्त आपटणारी मी असते आणि उचलून जागेवर ठेवणारी ती. ती मला मास्तरीणबाई म्हणते. मी तिला वहिनी म्हणते, आणि डोकं फिरलेलं असलं तर वहिनीसाहेब.

तिची नोकरी नक्की काय, हे माझ्या डोक्यात शिरायला फार वर्षं लागली. कुणी विचारलं तर मी "ती प्रयोगशाळेत आहे" म्हणून वेळ मारून नेत असे. खरं म्हणजे ती ताटल्या बघते. जेवायच्या नव्हेत. पंजाएवढ्या पारदर्शक ताटल्या, त्यांत बारीक बारीक खळगे, आणि खळग्यांत गुलाबी पाणी. त्या पाण्यात मूलपेशी वाढवतात. मूलपेशी म्हणजे काय गं, असं विचारल्यावर वहिनी म्हणाली, "अजून काय व्हायचं ते न ठरलेली पेशी." मी म्हटलं, अशी माणसं माझ्याकडे रोज येतात.

तर या पेशी एकमेकींना धरून मोहरीपेक्षा लहान गोळा करतात, आणि हळूहळू त्या गोळ्याचं काहीतरी व्हायला लागतं. प्रयोगशाळेला हवा असतो डोळ्याच्या आतला पडदा, ज्याच्यामुळे आपल्याला दिसतं तो. काही लोकांचा हा पडदा हळूहळू झिजत जातो आणि ऐन उमेदीत दिसेनासं होतं. त्यांच्यासाठीचं औषध थेट माणसाच्या डोळ्यात घालून बघण्यापेक्षा आधी ताटलीतल्या पडद्यावर बघितलेलं बरं, असा सगळा हिशोब आहे. पण पेशी सांगितलेलं ऐकतातच असं नाही. काही गोळ्यांचा पडदा होतो, काहींचं भलतंच काही होतं, आणि काहींचा नुसता चिखल.

कोणाचं काय झालंय हे कळायचा पक्का उपाय एकच, रंग लावायचा. खरा पडदा झालेला भाग त्या रंगाने हिरवा चमकतो. पण रंग लावला की गोळा मेला, मग तो कशाच्याही कामाचा नाही. म्हणून ठरलेल्या दिवशी रंग न लावता, नुसतं सूक्ष्मदर्शकातून बघून कुणीतरी सांगावं लागतं, की हा ठेवा, हा टाका. ते सांगणारी म्हणजे आमची वहिनी. भलता गोळा ठेवला तर त्याच्यावरचं पुढच्या कित्येक महिन्यांचं काम मातीत, आणि चांगला टाकला तर तो काही परत येत नाही.

"तू बघतेस तरी काय एवढं?" मी विचारायची.

"कड बघते. पडदा व्हायला लागला की कड स्वच्छ दिसते."

"मग हे दुसऱ्या कुणाला शिकव."

"शिकवते. पण स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ, ते नाही सांगता येत."

हे ऐकून माझं टाळकंच सटकायचं. एका माणसाला दुसऱ्याला शिकवता येत नाही म्हणजे काय? अर्ध्या गावाला मी चौथा गिअर शिकवलाय. पण तिनेही प्रयत्न केले होते. एक मुलगी चांगली तयार झाली, तिला दुसरीकडे मोठी नोकरी लागली. दुसरे एक गृहस्थ होते, ते आज ज्याला ठेवा म्हणायचे त्यालाच उद्या टाका म्हणायचे. फिरून गाडी वहिनीच्याच दारात. ती आजारी पडली नाही, लांबच्या प्रवासाला गेली नाही, लग्नाला गेली तर अक्षता टाकून निघाली. पेशींना रविवार नसतो, असं ती म्हणायची. मी म्हणायची, त्यांना नसेल, तुला आहे ना.

दादा गेला तोही रविवार होता. चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला, छातीत कसंसंच होतंय. त्याला गाडीत घालून मी अशी गाडी मारली, की शिकाऊ कुणी तशी मारली असती तर त्याच्या कानाखाली वाजवली असती. वहिनी ताटल्यांपाशी होती. त्या खोलीत फोन नेता येत नाही, तो बाहेर कपाटात असतो. ती दवाखान्यात पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. तिला कुणी एका शब्दाने बोललं नाही. मीही नाही, आणि मी कुणाला सोडत नाही. पण ती आतल्या आत स्वतःला बोलत असणार. पुढे एकदा दादाचे शर्ट घडी करताना ती म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमच्या वेळी मी दारात असेन." मी म्हटलं, माझी कसली वेळ, मी इतक्यात कुठे जात नाही. असं बोलून मी विषय मोडला, पण ते वाक्य माझ्याजवळ राहिलं.

मग माझा खुबा गेला. आयुष्यभर ज्या पायाने ब्रेक दाबला त्याच बाजूचा. आधी जिना चढताना कळ यायची, मग सपाट रस्त्यावर, मग झोपेत कूस बदलतानाही. डॉक्टर म्हणाले, सांधा बदलावा लागेल, हल्ली अगदी साधं काम आहे. साधं त्यांना. मला चिरफाडीचं काही वाटत नाही, मला भुलीची भीती वाटते. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नव्हती. पायाखाली ब्रेक नसलेल्या गाडीत मी उभ्या जन्मात बसले नाही, आणि इथे तर डोळेच मिटून दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायची. माझी मागणी एवढीच होती, की मला आत नेतील तेव्हा वहिनी दारात हवी, आणि बाहेर आणतील तेव्हाही हवी. शेजारीणबाई म्हणाल्या, मी येते की. त्या चांगल्या आहेत, पण त्या चांगल्या असून काय उपयोग.

आता ऑपरेशन म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पहिली तारीख ठरली तर नेमका वहिनीचा निवडीचा दिवस. ती पुढे ढकलली. दुसरी तारीख ठरली तर ताटल्यांत काही बिघाड होऊन निवडच पुढे गेली आणि तारखेवर येऊन बसली. डॉक्टर मला म्हणाले, आणखी थांबलात तर हाड झिजून काम अवघड होईल. घरी येऊन मी हे सांगितलं नाही, पण वहिनीने माझं चालणं बघितलं.

याच सुमाराला प्रयोगशाळेत गणितवाले आले. हे त्यांचं नाव नव्हे, वहिनीने ठेवलेलं. पन्नाशीचे, सतत खाकरणारे, डब्यात रोज तेच ते खाणारे एक प्रोग्रामर. तिथल्या मुख्य बाईंनी, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात, गणितवाल्यांना एक काम दिलं. गोळ्याचा फोटो दाखवला की हा पडदा होणार की नाही, हे कॉम्प्युटरने सांगायचं. वहिनीने वर्षानुवर्षं काढलेले फोटो तिथे होतेच, आणि त्यातल्या बऱ्याच गोळ्यांना नंतर रंग लावलेला असल्यामुळे खरं उत्तरही माहीत होतं. कॉम्प्युटरला हजारो फोटो आणि त्यांची उत्तरं दाखवायची, की तो आपला आपण शिकतो.

मी म्हटलं, "अगं, तो तुझी नोकरी खाईल."

"खाऊ दे थोडी," वहिनी म्हणाली. "माझं पोट भरलंय."

ती हसत होती, पण मी इतकी वर्षं तिच्याबरोबर राहते, मला कळलं. निवडीच्या आदल्या दिवशी तिच्या घशाखाली घास उतरत नसे. लोकांना वाटतं, यंत्र आलं की माणूस रडतो. आमची वहिनी त्या यंत्राची चातकासारखी वाट बघत होती.

आणि ते शिकलं. बाजूला काढून ठेवलेले फोटो त्याला दाखवले तर त्याने जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. मोठ्या मॅडमनी टाळ्या वाजवल्या, गणितवाल्यांनी खाकरणं थांबवलं, आणि वहिनी त्या दिवशी लवकर घरी येऊन म्हणाली, "घे तारीख." मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दिलेली तारीख पुन्हा निवडीच्या दिवशीच आली. ताटल्यांचं आणि माझं मागच्या जन्मीचं काही देणं असावं. पण वहिनी म्हणाली, "येऊ दे. त्या दिवशी निवड कॉम्प्युटर करेल. फोटो काढायला नवा कॅमेरा बसवलाय, तो आपोआप एकेका खळग्यावर सरकतो. मी तुझ्याबरोबर."

इथपर्यंत सगळं छान. मग रंगीत तालीम म्हणून त्यांनी एक चालू ताटली त्या नव्या कॅमेऱ्याखाली ठेवली. वहिनीने आधी डोळ्यांनी बघितली होती, चांगल्या गोळ्यांनी भरलेली ताटली होती. कॉम्प्युटर म्हणाला, सगळे टाका. एकही ठेवायचा नाही. दुसरी ताटली लावली, तिथेही तेच. पहिले पाढे पंचावन्न. वहिनीने घरी येऊन हे सांगितलं आणि पाणी न पिता खुर्चीत बसून राहिली.

मी म्हटलं, "जाऊ दे. मी तारीख पुढे ढकलते. खुबा काय पळून जातोय?"

तेव्हा तिचा आवाज चढला. "ढकलायची नाही. पुन्हा ढकललीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

मास्तरीणबाई वगैरे सगळं गळून पडलं होतं. मी गप्प बसले. मला गप्प बसवणारं माणूस या घरात आहे, याचं त्याही स्थितीत मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गणितवाल्यांनी एक गोष्ट केली. कॉम्प्युटर फोटोत नेमकं कुठे बघून उत्तर देतो, तो भाग लाल करून दाखवायची सोय असते म्हणे. ती त्यांनी सुरू केली आणि जुने फोटो लावले. सगळ्यांना वाटलं, गोळ्याची कड लाल होईल. कड राहिली बाजूला, लाल झालं ते गोळ्याभोवतीचं पाणी. नुसतं रिकामं पाणी. गणितवाले, मोठ्या मॅडम आणि वहिनी, तिघंही स्क्रीनकडे बघत बसली. मग गणितवाल्यांनी चांगले आणि वाईट फोटो शेजारी शेजारी लावले, आणि वहिनीने कपाळावर हात मारला.

झालं होतं असं. वहिनी फोटो काढायची तेव्हा गोळा चांगला दिसला की तिचा हात आपसूक सूक्ष्मदर्शकाच्या चाकाकडे जायचा. ताटली इकडे तिकडे सरकवून ती त्याला बरोबर मधोमध आणायची, जवळ बुडबुडा असला तर घालवायची, आणि मग फोटो. वाईट दिसला तर जिथे असेल तिथे, जसा असेल तसा, काढ फोटो आणि हो पुढे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. इतकी वर्षं हे चाललेलं, पण तिला स्वतःलाच त्याचा पत्ता नव्हता. फोटो काढायच्या आधीच तिचा हात निकाल देऊन मोकळा व्हायचा. कॉम्प्युटरने कड-बिड काही बघितलीच नाही. तो एवढंच शिकला, की चारी बाजूंना सारखं पाणी म्हणजे पास. नवा कॅमेरा कुणाचेच लाड करत नाही. त्याच्या फोटोत कुणी मधोमध नव्हतं, म्हणून सगळे नापास.

हे मला सांगताना वहिनीचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. मला मात्र हसू आवरेना. मी तिला माझ्या एका शिकाऊ बाईंची गोष्ट सांगितली. त्या मैदानात गाडी मागे घ्यायला इतक्या झकास शिकल्या, की मी त्यांचं उदाहरण बाकीच्यांना द्यायची. परीक्षेच्या दिवशी त्यांनी गाडी सरळ कुंपणात घातली. का, तर कोपऱ्यातलं निळं पिंप कुणीतरी हलवलं होतं. पिंप खिडकीत दिसलं की चाक फिरवायचं, एवढंच त्या शिकल्या होत्या. आणि ते पिंप तिथे ठेवलं होतं मीच, बसायला काहीतरी हवं म्हणून.

"मग तू काय केलंस?" वहिनीने विचारलं.

"काय करणार, पिंप उचललं आणि नव्याने शिकवलं. आधी मनसोक्त ओरडले, ते वेगळं."

वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. म्हणाली, गणितवाले पण तेच म्हणतायत, पिंप उचलायचं.

म्हणजे काय करायचं होतं, तर प्रत्येक फोटोतल्या गोळ्याभोवती माऊसने रेघ ओढायची, बाहेरचं सगळं कापून टाकायचं, आणि कॉम्प्युटरला नुसता गोळा दाखवायचा. मधोमध नाही, कडेला नाही, पाणी नाही, काही नाही. रेघा ओढायला प्रयोगशाळेतले जमतील तेवढे सगळे बसले. सुट्टीच्या दिवशी वहिनी कॉम्प्युटर घरी घेऊन आली आणि जेवायच्या टेबलावर तिने दुकान मांडलं. मी लंगडत चहा करत होते आणि तिच्या खांद्यावरून बघत होते. जन्मात पहिल्यांदा मी तिचे गोळे बघितले. चांगले ते सगळे ऐटीत मधोमध बसलेले, आणि वाईट ते कुणी अर्धा कापलेला, कुणी कोपऱ्यात तोंड खुपसलेला. मला त्या वाईटांचीच दया आली. एकाकडे बोट दाखवून मी म्हटलं, हा बिचारा बरा दिसतोय की गं. वहिनी म्हणाली, "मास्तरीणबाई, तुम्ही चहाकडे बघा, उतू जातोय." आणि तो खरंच जात होता.

कॉम्प्युटर पुन्हा शिकला. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या वेळी मोठ्या मॅडमनी कुणाला टाळ्या वाजवू दिल्या नाहीत. त्यांनी एक आख्खी ताटली खर्ची घालायची ठरवली. नव्या कॅमेऱ्याने फोटो काढायचे, कॉम्प्युटरने आपली उत्तरं द्यायची, वहिनीने डोळ्यांनी बघून आपली द्यायची, दोघांनी एकमेकांची बघायची नाहीत, आणि मग सगळ्या गोळ्यांची वाढ होऊ देऊन सरसकट रंग लावायचा. रंग कुणाची मुर्वत ठेवत नाही.

त्या निकालाची वाट बघण्याचे दिवस वाईट गेले. माझी तारीख जवळ येत होती. दवाखान्याने रक्त काढून नेलं, छातीचा फोटो काढला, काय खाऊ नये ते सांगितलं. मी घरात सगळ्या वस्तू हाताशी येतील अशा लावून ठेवल्या आणि त्या नावाखाली वहिनीवर दिवसभर खेकसत राहिले. एकदा ती शांतपणे म्हणाली, "भीती वाटतेय ना?" मी म्हटलं, "हो." इतकी वर्षं न बोललेली गोष्ट इतकी सहज तोंडून निघाली, की मलाच आश्चर्य वाटलं. ती म्हणाली, "मलाही." मग आम्ही दोघींनी मिळून पडदे धुवायला काढले.

निकालाच्या दिवशी ती घरी आली आणि चपला काढायच्या आधी दारातूनच म्हणाली, "माझ्याइतकाच चुकतो."

"म्हणजे?"

"म्हणजे थोडे तो चुकला, थोडे मी चुकले. बाकी सगळे बरोबर. आणि ऐक ना, एक गोळा मी टाकला होता, पार टाकला होता, मनात शंकासुद्धा नव्हती. त्याने ठेवला. रंग लावल्यावर तो असा हिरवागार चमकला, की मोठ्या मॅडमनी मला बोलावून दाखवला."

मला वाटलं तिला वाईट वाटलं असेल. एवढी वर्षं जिच्या शब्दावर सगळं चाललं, तिला कॉम्प्युटरने चूक दाखवली. पण ती सोफ्यावर बसली, पाय वर घेतले आणि म्हणाली, "किती बरं वाटलं म्हणून सांगू. इतकी वर्षं मी किती चांगले टाकले असतील कोण जाणे. मला वाटायचं, मी चुकले तर ते कुणालाच कळणार नाही. आता कुणीतरी आहे दुसरं बघायला." आणि ती जेवली. निवडीच्या आठवड्यात वहिनीने दुसऱ्यांदा भात मागून घेतलेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता. माझाही जीव भांड्यात पडला, अर्थात अर्धाच. उरलेला अर्धा खुब्याच्या दिवसासाठी ठेवला होता.

तो दिवस उजाडला. दवाखान्यात मला तो मागे नाड्या असलेला झगा घातला, ज्यात माणसाची सगळी ऐट उतरते. चाकांच्या पलंगावर घालून मला न्यायला लागले. ढकलणारा कर्मचारी वळणं फार वाईट घेत होता, मी त्याला दोनदा सांगितलं. वहिनी शेजारून चालत होती, माझा चष्मा तिच्या हातात. लांबलचक कॉरिडॉर संपून आतलं दार दिसायला लागलं, आणि तिच्या पर्समध्ये फोन वाजला.

तिने काढून बघितला. मला झोपल्या झोपल्या तिच्या चेहऱ्यावरून कळलं, प्रयोगशाळेतून होता. निवडीची हीच वेळ. झालं, मी मनात म्हटलं, काहीतरी घोळ झाला आणि आता ही जाणार. आणि तिने जावं असंही मला वाटलं, तेही खोटं नाही. ते गोळे तिने लहानाचे मोठे केले होते. पण त्याहून जास्त, जाऊ नकोस असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. फोन वाजत राहिला. वहिनीने तो तसाच वाजू दिला नाही. बटण दाबून बंद केला, पार बंद, आणि पर्समध्ये टाकून पर्सची चेन ओढली. मग माझ्या कपाळावरचे केस मागे केले आणि म्हणाली, "मी इथेच दारात आहे."

आत त्यांनी मला उलटे आकडे म्हणायला सांगितले. मी किती म्हटले ते आठवत नाही.

तो फोन कशाचा होता ते आम्हाला संध्याकाळी कळलं. कॅमेऱ्याच्या खोलीची किल्ली गणितवाल्यांना सापडत नव्हती, आणि ती दारालाच लावलेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. निवड व्यवस्थित झाली होती. मोठ्या मॅडमनी स्वतः एकेक गोळा पुन्हा डोळ्यांखालून घातला आणि कॉम्प्युटरच्या उत्तराला मान डोलावली. पण हे सगळं संध्याकाळी.

त्याआधी दुपारी मी डोळे उघडले. आधी नुसतं छत दिसलं, मग सलाईनची बाटली, मग धुरकट असं काहीतरी निळं. तो वहिनीचा निळा कुडता होता. तिने माझ्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि ती नीट दिसायला लागली. पलंगाला खेटून खुर्ची ओढून बसली होती. घसा कोरडा पडला होता, पाय कुठे आहे ते कळत नव्हतं, तरी माझ्या तोंडून पहिलं जे निघालं ते हेच, "ताटल्यांचं काय झालं?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. मी तिचा चेहरा ओळखते, तिला क्षणभर खरोखरच काही आठवेना.

"कुठल्या ताटल्या?" ती म्हणाली.

मग मी रडले. भूल उतरताना डोळ्यांतून पाणी येतं म्हणतात, तसं असेल. वहिनीने माझा हात धरून ठेवला आणि नर्सला सांगितलं, दुखत नाहीये त्यांना, राहू दे.